जवळ्याच्या जाळीचा कॉम्प्युटर

माझ्या आईने उभ्या आयुष्यात एकच पॉवर सप्लाय विकत घेतला, आणि तो तळहातावर तोलून घेतला. हे वाक्य मी जाईन तिथे टाकते. लग्नात, बारशात, बँकेच्या रांगेत. ऐकणारा आधी हसतो, मग थांबतो, मग पुढे काय झालं ते विचारतो, आणि तिथून पुढे त्याची सुटका नसते. आज तुम्ही सापडला आहात.

निमित्त माझ्या लेकीचं. रेवाला तिचा कॉम्प्युटर वाढवून घ्यायचा आहे. म्हणजे आतलं सगळं नवं, बाहेरून देखणं, आणि बजेट मात्र मी ठरवलेलं. गेला आठवडाभर ती यादी करते आहे. यादीत पहिल्या नंबरावर काचेच्या भिंतीचं कॅबिनेट, ज्यात सात रंगांचे पंखे फिरतात. प्रोसेसर तिसऱ्या नंबरावर. मी म्हटलं, "अगं, आधी इंजिन बघ, मग रंग." तर म्हणते, "मम्मी, लुकपण पाहिजे ना यार." मी गप्प बसले. कारण एकोणीस वर्षांची असताना मीही अशीच यादी केली होती, याच घरात, आणि तेव्हा माझ्याबरोबर दुकानात आलेली बाई गप्प बसणाऱ्यांतली नव्हती.

हे घर वेसाव्याच्या कोळीवाड्यात, गल्लीच्या तोंडाशी. पुढची खोली थेट गल्लीत उघडते आणि दार दिवसभर सताड, त्यामुळे त्या खोलीत जे असेल ते आमचं कमी, गल्लीचं जास्त. पहाटे खाडीकडून होड्यांच्या इंजिनांची ठकठक, मग टोपल्यांची आदळआपट, मग बायकांची भांडणं, जी खरं तर गप्पा असतात, पण बाहेरच्या माणसाला तो फरक कळायला दोन पिढ्या लागतात. दुपारी बांबूंवर टांगलेल्या बोंबलांचा वास घरात असा शिरायचा की पाहुणे नाकाला रुमाल लावायचे आणि आम्हाला भूक लागायची. आई अंधेरीच्या बाजारातून परतली की चुलीवर बोंबलाचं लालभडक कालवण चढायचं, आणि तिने थापलेल्या तांदळाच्या भाकरीचा थपथप आवाज गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायचा. आजही कुठे टाळ्या वाजल्या की मला आधी भाकरी आठवते.

आईचं नाव हिराबाई, बाजारात हिराबाय. ती मासळी विकायला निघायची ती लग्नाला निघाल्यासारखी. चापूनचोपून नेसलेलं लुगडं, अंबाड्यावर अबोलीचा गजरा, गळ्यात होतं नव्हतं ते सोनं. मी विचारलं होतं एकदा, चिखलात बसायला एवढं कशाला. म्हणाली, "बाईच मळकी दिसली तर मासळी ताजी कोण म्हनंल?" पण तिच्या शास्त्राचा दुसरा अर्धा भाग जास्त कडक होता. वरून देखणं असून आत पोकळ असलेल्या कुठल्याही वस्तूचा, मग तो मासा असो की जावई, ती भर बाजारात पंचनामा करायची. ती बसायची तो लाकडी पाट तिच्या सासूकडून आलेला, तिच्या सासूला तिच्या सासूकडून. बाजारात जागा म्हणजे तो पाट. त्यावर दुसरं कोणी बसत नसे. मीही नाही.

(इथे सांगून टाकते, आमची बोली मी थोडी पुसट करून लिहिते आहे. जशीच्या तशी लिहिली तर वाचायला तुम्हाला माझी आत्या सोबत बसवावी लागेल, आणि ती चहाबरोबर तळलेली मांदेली मागते.)

तर पुढच्या खोलीत, दाराच्या अगदी समोर, माझा कॉम्प्युटर होता. आत्याच्या मुलाच्या ऑफिसातून मोडीत निघालेला, करड्या रंगाचा, बाजूने गंजून तांबूस झालेला. खाऱ्या हवेने त्याचे स्क्रू खाल्ले होते. तो सुरू करायला खाली डाव्या बाजूला एक थाप मारावी लागे, आणि ती थाप फक्त मला जमायची. त्यावर मी व्हिडिओ एडिटिंग शिकत होते. अंधेरीत क्लास होता, सर चांगले होते, आणि शेजारच्या बारशाची सीडी मी करून दिली होती, ज्यात बाळ कमी आणि उडणारी गुलाबाची फुलं जास्त होती.

त्या वैशाखात माझ्या मामेबहिणीचं, दर्शनाचं, लग्न ठरलं. कोळीवाड्यातल्या लग्नांचे व्हिडिओ तेव्हा मालाडचा एक स्टुडिओवाला करायचा. तो एका सकाळी आईच्या पाटासमोर येऊन उभा राहिला, सुरमई घ्यायला, आणि घेता घेता बोलून गेला.

"दर्शनाचं लग्न माझ्याकडेच ना, हिराताई? सीडीला तीन महिने लागतील हां. घाई नको. तुमच्या लोकांच्या लग्नात तसं एडिटिंगला काय असतं, हळदीत नाचच नाच. मी सगळ्यांना एकच गाणं लावतो."

आईची कोयती सुरमईच्या मानेवर थांबली. तीन महिने तिने ऐकून घेतले असते. एकच गाणंही. 'तुमच्या लोकांच्या' हे मात्र तिला काट्यासारखं लागलं.

"आमची जागू करील," ती म्हणाली. "पाचव्या दिवशी पोर परतून म्हायेरी येल, त्या दिवशी अंगनात लावू. तू पन ये."

"कशावर करणार?" तो हसला. "तुमच्या दारातल्या त्या गंजक्या डब्यावर?"

आता हे 'दारातल्या' तर त्याने बोलायलाच नको होतं. आईने सुरमईचे तुकडे केले, पिशवीत भरले, त्याच्या हातात दिले, आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पाचव्या दिवशी लागला नाय, तर हिराबाय या पाटावर परत बसायची नाय."

हे सगळं आत्या सांगते. मी तिथे नव्हते. घरी आल्यावर आईने पाय धुतले, चहा घेतला, मांजराला माशांची डोकी घातली, आणि सगळं झाल्यावर मला सांगितलं, जणू मीठ संपल्याचं सांगावं तसं. दर्शनाच्या लग्नाला तीन आठवडे होते आणि माझ्या कॉम्प्युटरवर दहा मिनिटांचं बारसं तयार व्हायला दोन दिवस लागले होते.

"काय लागंल ते आन," आई म्हणाली आणि घड्या घातलेल्या नोटांची एक पुरचुंडी माझ्या हातात ठेवली. "पन यातच बसव. आन दाराशी असनार हाय तो, म्हनून दिसायला पायजे."

अंधेरी स्टेशनजवळ एका जुन्या बाजारपेठेच्या पहिल्या मजल्यावर जिग्नेशभाईंचं दुकान होतं. दर्शनाच्या पत्रिकेच्या पाठीवर लिहिलेली माझी यादी मी त्यांच्यासमोर ठेवली. सर्वांत वर, दोनदा अधोरेखित केलेलं: बाजूला खिडकी आणि आत निळी ट्यूब असलेलं कॅबिनेट. मग मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, मोठी हार्डडिस्क, कॅमेऱ्यातून टेप उतरवून घ्यायचं कार्ड. जिग्नेशभाईंनी कॅल्क्युलेटर बडवला, मान हलवली आणि म्हणाले, "नाही बसत, बेन. असं करू, बत्तीवाला कॅबिनेट राहू दे, रॅम अर्धी करू." आणि मी, जिला पुढे आयुष्यभर लोकांना रॅमचं महत्त्व पटवायचं होतं, 'बरं' म्हणायला तोंड उघडलं.

"थांब." आई कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली होती, रिकामी टोपली दोन पायांमध्ये धरून. बाजारातून थेट आली होती, त्यामुळे दुकानात एसी असूनही दुसरं कोणी गिऱ्हाईक आत टिकत नव्हतं. "कंचं सामान कशाला, ते मना सांग."

"मावशी, प्रोसेसर म्हणजे समजा मेंदू."

"आन रॅम?"

जिग्नेशभाईंनी डोकं खाजवलं. "रॅम म्हणजे कामाचं टेबल. जेवढं मोठं, तेवढं काम त्यावर पसरता येतं."

"म्हंजे पाट."

"हां, पाट."

"मंग पाट मोठा दे. पाट बारका असला की मासळी चिखलात पडते." तिने माझ्या यादीतल्या खिडकीच्या चित्राकडे बोट दाखवलं. "आन ही निळी बत्ती?"

"ती शोभेची."

"बत्ती कोन लावतो ठावं हाय? ज्याच्या माशाचे कल्ले काले पडलेत तो."

बत्ती गेली. माझं नाक लाल झालं, पण आईचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. जिग्नेशभाईंनी सगळ्यांत स्वस्त, साध्या पत्र्याचं करडं कॅबिनेट काढलं, आणि त्याच्याबरोबर फुकट मिळणारा पॉवर सप्लाय काउंटरवर ठेवला. आईने तो उचलला. पापलेट उचलतात तसा, तळहातावर, दोनदा हलकेच वर झेलून.

"यो पोकळ हाय."

"मावशी, त्यावर लिहिलंय बघा, किती वॅटचा आहे ते."

"लिवलंय ते मना वाचता येत नाय. माजा हात वाचतो. दुसरा दाखव."

मग काउंटरवर चार पॉवर सप्लाय मांडले गेले आणि आईने एकेक उचलून पाहिला. पहिला ठेवला. दुसरा नाकाजवळही नेला, का ते देव जाणे. तिसरा तिच्या हातात थोडा खाली गेला. तिने तो पुन्हा झेलला आणि पाटावर मासा ठेवावा तसा माझ्यासमोर ठेवला.

"यो ठेव."

जिग्नेशभाईंनी कॅल्क्युलेटर बाजूला ठेवला. मग माझ्याकडे झुकून म्हणाले, "बरोबर बोलते मावशी. आत तांबं, लोखंड पुरेपूर असलं तर वजन असतं. हलक्यात माल कमी असतो. हे माझ्या पोऱ्यांना मी दोन वर्षं शिकवतो."

परतताना रिक्षात मांडीवर मदरबोर्डचा खोका, पायाशी मासळीची टोपली, आणि माझं तोंड असं की रिक्षावाल्याने आरसा फिरवला. पत्र्याचा करडा डबा. स्टुडिओवाला दारातून बघणार आणि हसणार. आई म्हणाली, "तोंड कशाला फुगवतेस? तुजा बापूस होडी रंगवतो, डबा नाय रंगवनार?"

बाबा नाखवा होते. होडीवर त्यांचा शब्द चालायचा, घरात आईचा, आणि दोन्हीकडे ते कमीच बोलायचे. त्या दिवसांत त्यांची होडी डागडुजीसाठी किनाऱ्यावर ओढून ठेवलेली होती. मी कॅबिनेट त्यांच्याकडे दिलं, प्लास्टिकचा पुढचा भाग काढून. जुना कॉम्प्युटर कसा खराब झाला, ते त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, खारी हवा आत शिरते, गंज धरतो. त्यांनी मान डोलावली. "भोकांतून," ते म्हणाले, आणि डबा खांद्यावर टाकून होडीच्या सावलीत घेऊन गेले. चार दिवस मला तिकडे फिरकू दिलं नाही.

पाचव्या दिवशी तो गोणपाटाखाली झाकून घरी आला. गल्ली जमली. बाबांनी गोणपाट उचलला आणि मी सांगते, त्या क्षणानंतर मी पुष्कळ महागडी यंत्रं पाहिली, घेतली, विकली, पण तसं काही पाहिलं नाही. होडीचाच निळा, तीन हात दिलेला, काचेसारखा गुळगुळीत. मधून पिवळा पट्टा, एका दमात ओढलेला, कुठे थरथर नाही. तळाशी लाल. पुढच्या भागाला पांढरी किनार. आणि खाली उजव्या कोपऱ्यात, होडीच्या नाळीवर, तिच्या पुढच्या टोकाला, लिहितात त्या वळणदार अक्षरांत, माझं नाव, जागृती. आमच्यात नाव नसलेली होडी पाण्यात घालत नाहीत. बाबांच्या होडीचं नाव त्यांच्या वडिलांनी ठेवलेलं. नवी होडी बाबांना कधी झालीच नाही, त्यामुळे नाव ठेवायची त्यांची ही पहिलीच वेळ होती.

आईने हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, आणि त्याचं पाणी मदरबोर्डपासून मी हातभर लांब अडवलं. मी स्वतः स्क्रू पिळले, वायरी जोडल्या. जुना मॉनिटर, जुना कीबोर्ड, नवं काळीज. बटण दाबलं. थाप न मारता तो सुरू झाला.

लग्न झालं. हळदीला आई अशी नाचली की क्लासच्या सरांकडून मागून आणलेला कॅमेरा धरणारे माझे हात तिच्या तालावर हलायला लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बसले. टेप उतरवून घेतल्या, तुकडे कापले, जोडले. कॉम्प्युटर पाण्यासारखा चालत होता. मग पहिला भाग पक्का करायला लावला. यंत्र एकटंच तासन्‌तास राबतं ते काम. अर्ध्या तासाने तो बंद पडला. मी पुन्हा लावला. पंचवीस मिनिटं. पुन्हा. वीस.

तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत नऊ वेळा बंद पडला. आई बाजारातून आली तेव्हा मी खुर्चीत रडत होते, आणि तिला बघून मी ते बोलले जे मला आजही परत घ्यावंसं वाटतं. "तुझा तो वजनदार पॉवर सप्लाय. मासे तोलतेस तसं मशीन तोललंस. आता सोड पाट."

माझी आई, जिने कलेक्टरला उत्तर दिलं असतं, तिने टोपली उलटी करून ठेवली, गजरा काढला आणि आत जाऊन भाकऱ्या थापायला बसली. त्या दिवशी थापण्याचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला नाही.

मला पॉवर सप्लाय काढून बघायचा होता, म्हणून मी बाजूचा पत्रा सरकवला. आतून वाफेसारखी ऊब तोंडावर आली. म्हटलं, जरा गार होऊ दे. पत्रा उघडाच ठेवून सहज पुन्हा काम लावलं आणि जेवायला गेले. तासाभराने आले तर तो चालूच होता. आणि आत, हार्डडिस्कच्या शेजारी, उबेला अंगाचं मुटकुळं करून आमचं मांजर झोपलं होतं, शेपटी पंख्यापासून दोन बोटांवर. मी किंचाळले, मांजर उडालं, वायर निसटली, काम गेलं. पण आता मला कळलं होतं. मी पत्र्यावरून आतून हात फिरवला. मागच्या भिंतीवरून. खालून. सगळं गुळगुळीत. कॅबिनेटला हवेसाठी जेवढी म्हणून भोकं असतात, बारकी, मोठी, जाळीदार, ती सगळी पुट्टीने भरून, घासून, वर तीन हात रंग दिलेला. पत्रा जिथे टेकतो तिथे कडेने रबराची पट्टीसुद्धा. मी क्लास केलेली, मीच स्क्रू पिळलेले. मी तो रंगच बघत बसले होते.

आधी स्वयंपाकघरात गेले. "आय, तुझा पॉवर सप्लाय बरोबर आहे," मी म्हटलं. आईने मान वर केली नाही. "मना ठावं हाय," ती म्हणाली. एवढंच. पण पुढची भाकरी दणक्यात पडली.

आता बाबांना कसं सांगायचं? ज्या माणसाने तीस वर्षं एकाही फटीतून थेंबभर पाणी होडीत येऊ दिलं नाही, त्याला सांगायचं की तू भोकं बुजवलीस ही चूक झाली. मी दारात शब्द जुळवत उभी राहिले. तेवढ्यात बाबाच आले, कॉम्प्युटरजवळ गेले आणि त्यांनी वरच्या पत्र्यावर तळवा ठेवला. नाखवा इंजिनाच्या झाकणावर ठेवतो तसा.

"तापलाय," ते म्हणाले. "यात इंजिन हाय?"

"हो बाबा. इंजिनच म्हणायचं."

"मंग पानी कुठून घेतो?" होडीचं इंजिन समुद्राचं पाणी ओढून गार राहतं.

"पाणी नाही बाबा. हवा घेतो. भोकांतून."

बाबांनी तळवा बाजूच्या पत्र्यावर, बुजवलेल्या भोकांवरून फिरवला. मग म्हणाले, "मी समजलो पेटी हाय. पेटी बंद ठेवायची असते. इंजिन हाय हे आधी सांगायचं ना गो बाय." आणि हत्यारांची पिशवी आणायला गेले. चिडले नाहीत, ओशाळले नाहीत. होडीत पाणी आलं तर नाखवा कोणाची चूक ते बघत बसत नाही, आधी उपसतो.

सगळं सामान मी पुन्हा बाहेर काढलं. रिकामा डबा मागच्या अंगणात गेला. मी म्हटलं, बुजवलेली भोकं उघडली तरी चालेल. बाबांना ते पटलं नाही. खारी हवा तर यायचीच. "हवा येऊ दे, मीठ नको," ते म्हणाले. आधी मागची बुजवलेली जागा खरवडून मोकळी केली. मग स्वतःच्याच पिवळ्या पट्ट्याखाली, बाजूच्या पत्र्यावर खडूने एक मोठा पापलेट काढला आणि हाताच्या गिरमिटाने त्या आकारात भोकं पाडायला घेतली. प्रत्येक भोक कानशीने घासलं. पुढच्या भागातही तसंच. आणि मग घरात जाऊन घेऊन आले ते जवळ्याचं जाळं. जवळा म्हणजे नखाएवढी कोळंबी. तिला धरायचं जाळं इतकं बारीक असतं की त्यातून पाणी जातं, पण डोळ्याएवढा जीव जात नाही. त्याचे तुकडे कापून दोन पदरी करून त्यांनी आतून चिकटवले. हवा येईल, धूळ, केस, मिठाचे कण बाहेर. शेवटी सामान पुन्हा बसवून मी पंखे सुरू केले, तर बाबांनी उदबत्ती पेटवून पुढच्या बाजूला धरली. धूर पापलेटातून आत गेला आणि मागून बाहेर आला. "वारा बरोबर हाय," ते म्हणाले आणि उदबत्ती तिथेच खोचून गेले, देवापुढे खोचतात तशी.

इथे मला आजच्या काळात यावंच लागेल. हल्ली कंपन्या पुढून बारीक जाळी असलेली कॅबिनेटं विकतात, हवा यावी आणि धूळ येऊ नये म्हणून, आणि त्या जाळीचे वेगळे पैसे लावतात. रेवाने मला मोठ्या कौतुकाने तिचे फोटो दाखवले. मी म्हटलं, हे वेसाव्यात जुनं झालं.

चौथ्या दिवशी सकाळी सगळे भाग एकत्र लावले. आई बाजारात गेली नाही. सुपात सुकट घेऊन कॉम्प्युटरसमोर निवडत बसली. पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरत जाते, ती भरली की झालं, एवढं मी तिला सांगितलं होतं. ती दर थोड्या वेळाने पट्टीकडे बघायची, मग सुपात. अर्धा तास गेला. तास गेला. बाबा दोनदा येऊन पत्र्यावर तळवा ठेवून गेले. दुपारी जेवणंही आम्ही तिथेच केली. मांजर दाराशी बसून पापलेटाकडे बघत होतं, आत जायला जागा नाही हे त्याला पटत नव्हतं. ऊन कलायला लागलं तेव्हा पट्टी काठोकाठ भरली, आणि आई सुपातून मान वर न करता म्हणाली, "भरली."

पाचव्या दिवशी दर्शना परतून आली. आमच्या मागच्या अंगणात टीव्ही मांडला, सतरंज्या घातल्या, बाजारातल्या बायका आपापले पाट घेऊन आल्या, कारण त्यांना सतरंजीवर बसवत नाही. मालाडचा स्टुडिओवालाही आला. सीडी लागली. मी प्रत्येक नाचाला त्याचा स्वतःचा बँड ठेवला होता, ज्या गल्लीत जो वाजला तो. मधे मधे चेहरे होते. चुलीपुढची म्हातारी, मांडव बांधणारे, भाकऱ्या थापणारे वीस हात. आणि आई, हळदीत, डोळे मिटून नाचताना. ते बघून सगळं अंगण शिट्ट्या मारत उठलं आणि आईने पदर तोंडावर ओढला. ती लाजू शकते हे मला तेव्हा कळलं.

संपल्यावर स्टुडिओवाला माझ्यापाशी आला. खोटं कशाला बोलू, त्याने चांगल्या मनाने विचारलं. "कुठल्या मशीनवर केलंस गं?" मी उत्तर द्यायच्या आत आईने त्याचा दंड धरला आणि त्याला पुढच्या खोलीत नेलं. तो निळ्या डब्याकडे बघत राहिला, पापलेटाकडे, नावाकडे.

"उचल," आई म्हणाली.

"काय?"

"उचलून बघ."

त्याने दोन्ही हातांनी थोडा उचलला आणि खाली ठेवला.

"भारी आहे," तो म्हणाला.

"भरलेला हाय," आई म्हणाली आणि पाहुण्यांना सरबत द्यायला निघून गेली. दुसऱ्या दिवशी पहाटे ती गजरा माळून बाजारात गेली आणि आपल्या पाटावर बसली. वर्षभरात मी कोळीवाड्यातली अकरा लग्नं केली, पुढे अंधेरीत स्वतःची एडिटिंगची खोली घेतली, आणि तिथेही पहिली दहा वर्षं तो निळा डबा होता. आतलं सामान पाच वेळा बदललं. डबा नाही.

बाबा आता नाहीत. डबा माळ्यावर होता. परवा हे सगळं रेवाला, बहुधा तिसाव्यांदा, सांगून झाल्यावर ती शिडी लावून वर चढली. खाली आणला, पुसला, टेपने मापं घेतली, फोनवर काही तरी तपासलं. मला वाटलं होतं नवे मदरबोर्ड यात बसायचे नाहीत. बसतात. स्क्रूंच्या जागा अजून त्याच आहेत. जवळ्याचं जाळं तेवढं पिवळं पडलंय, ते तिने नळाखाली धुतलं आणि परत लावलं. मग तिने यादी काढली आणि पहिल्या नंबरावर काट मारली. वाचलेल्या पैशात रॅम दुप्पट केली. कोणी सांगितलं नव्हतं. खरं सांगते, मी नव्हतं सांगितलं.

काल पार्सल आलं. आई दारातल्या खुर्चीत बसते आता, गुडघे चालत नाहीत, पण गल्ली अजून तिच्या ताब्यात आहे. रेवाने खोका फोडला, पॉवर सप्लाय बाहेर काढला आणि मला न दाखवता सरळ आजीच्या हातात दिला. आईने तो तळहातावर घेतला. दोनदा हलकेच झेलला. आम्ही दोघी बघत उभ्या.

"ठेव," ती म्हणाली.